गावाशेजारच्या जंगलात एमटीबी कशी चालवायची: एकच लूप धरा आणि तो पक्का करा

एमटीबी, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची माउंटन बाइक, घेतल्यावर बहुतेक जण एक गोष्ट हमखास करतात, थोडे दिवस रस्त्यावरच चालवतात आणि मग एखाद्या सुट्टीला ग्रुपबरोबर उठून थेट लांबच्या कुठल्यातरी अवघड ट्रेलवर, म्हणजे जंगल-डोंगरातल्या कच्च्या वाटेवर, जातात, तिथे अर्धा वेळ सायकल हातात धरून चालतात, एकदोनदा आपटतात, आणि मग सायकल धूळ खात पडून राहते. त्यापेक्षा गावाच्या किंवा शहराच्या कडेला जे साधंसं जंगल असतं ना, ते धरा. ते भारी असतं म्हणून नाही, जवळ असतं म्हणून. संध्याकाळी दीड तास मोकळा मिळाला तरी जाऊन येता येतं आणि तोच लूप, म्हणजे फिरून निघालो तिथेच परत आणणारी वाट, परत परत चालवता येतो. नवीन ट्रेलवर अर्धं डोकं पुढच्या वळणामागे काय असेल यातच अडकलेलं असतं. ओळखीच्या ट्रेलवर ते मोकळं होतं आणि मग पाय कुठे होते, ब्रेक कधी दाबला, नजर कुठे होती हे आपलं आपल्याला कळायला लागतं.

तसं बघितलं तर हा खेळच असा सुरू झालाय. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मारिन काउंटीत, काही पोरं जुन्या जाड टायरच्या क्रूझर सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायची. फेअरफॅक्स गावाजवळचा एक कच्चा रस्ता ठरलेला, तीनेक किमीचा आणि साधारण ४०० मीटर उतरणारा, १९७६ पासून तर त्यावर वेळ लावून रेस सुरू झाल्या. त्या सायकलींना पॅडल उलटं दाबून लागणारा मागचा ब्रेक असायचा, एकाच उतारात हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं, ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली आल्यावर हब उघडून परत ग्रीस भरावं लागायचं, त्यावरूनच त्या रस्त्याला रिपॅक म्हणायला लागले. तोच उतार सारखा सारखा उतरताना सायकलीचं काय टिकतं आणि काय मोडतं हे त्यांना कळत गेलं, आणि १९७७ मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझने खास या कामासाठीची फ्रेम बनवली. म्हणजे गावाजवळचा एक रस्ता आणि भरपूर फेऱ्या, एवढ्यावर हे सगळं उभं राहिलं.

लूप कसा निवडायचा

सगळ्यात आधी तिथे सायकल चालते का ते बघा. गेटवरचे बोर्ड वाचा, जंगल ज्याच्या ताब्यात आहे त्या ऑफिसात जाऊन किंवा फोन करून विचारा, खाजगी जमीन मधे येत असेल तर मालकाला विचारा. अॅपच्या हीटमॅपवर ठळक रेघ दिसते म्हणजे परवानगी आहे असं अजिबात नाही, त्याचा अर्थ एवढाच की बरेच लोक तिथून गेलेत, आणि त्यातले निम्मे पायी चालणारेही असू शकतात. काही वाटा फक्त चालणाऱ्यांच्या असतात, काही पक्ष्यांच्या घरट्यांच्या दिवसांत नाहीतर पावसाळ्यात बंद असतात. हे विचारायला लोक कंटाळतात आणि मग एक दिवस अख्खं जंगलच सायकलींना बंद होतं.

नकाशासाठी ट्रेलफोर्क्स आणि ओपनस्ट्रीटमॅप दोन्ही बघा, एकावर नसलेली वाट दुसऱ्यावर सापडते. ज्या जंगलात ट्रेलला रंग दिलेले असतात तिथे काम सोपं होतं, हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, आणि काळा म्हणजे खरोखर अवघड. ब्रिटनमध्ये निळा आणि काळा यांच्या मधे लाल असतो, जर्मन बोलणाऱ्या भागात रंगांऐवजी एस ० ते एस ५ असे आकडे जास्त वापरतात. पण एका ठिकाणचा निळा दुसऱ्या ठिकाणच्या काळ्याइतका बेक्कार असू शकतो, कारण हे ठरवणारे लोक वेगळे असतात, त्यामुळे रंगावर आंधळा विश्वास नको.

लूप ३ ते ५ किमीचा पुरे. आधी चढ आणि नंतर उतार असा असेल तर उत्तम, कारण चढात अंग गरम होतं आणि उतार संपला की आपण सुरुवातीच्या जागी पोचतो, परत एक फेरी मारायची का नाही ते तिथेच ठरवता येतं. त्यात थोडी मुळं, थोडा सैल खडीचा भाग, चारपाच वळणं आणि एखादा छोटा पण उभा उतार असावा. आणि मधेच बाहेर पडायला निदान एक वाट असावी. मोबाईलची रेंज कुठे जाते तेही बघून ठेवा, पडलात तर ती माहिती लागते.

आता सायकल घरी ठेवा आणि अख्खा लूप चालत जा. मी हे कोणालाही सांगितलं की हसतात, पण एका चालण्यात जे दिसतं ते दहा फेऱ्यांत दिसत नाही. उताराचा भाग खालून वर चालत बघा, म्हणजे समोरून येणाऱ्याला आपण कुठे दिसणारच नाही ते कळतं. जिथे आधीच्या लोकांचे टायर घासल्याचे चर दिसतात तिथे बहुतेकांनी ब्रेक उशिरा दाबलेला असतो, ती जागा लक्षात ठेवा, तुमचा ब्रेक त्याच्या दहाबारा मीटर आधी संपला पाहिजे. मुळं वाटेला आडवी आहेत का तिरकी ते बघा, आडव्या मुळावरून चाक सरळ जातं, तिरक्या मुळावर ते घसरून मुळाच्या दिशेनेच पळतं. पाणी कुठून वाहतं, कुठे साचतं, सकाळी कुठल्या वळणात ऊन थेट डोळ्यांत येतं, कुठल्या टप्प्यावर कुत्री घेऊन फिरणारे लोक असतात, हे सगळं चालतानाच कळतं.

सायकल: आहे तीच, पण नीट लावलेली

नवीन घेणार असाल तर असल्या जंगलासाठी पुढे १०० ते १२० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा, फोर्क (पुढचा शॉक) असलेली हार्डटेल, म्हणजे मागे शॉक नसलेली, भरपूर झाली. मागचा शॉक चुका झाकतो, हार्डटेल लगेच पार्श्वभागावर चुकीची पावती देते आणि त्यामुळे माणूस लवकर शिकतो, असं माझं मत, यावर वाद घालणारे भरपूर सापडतील. १५०-१७० मिमीच्या एन्ड्युरो सायकली उभ्या डोंगरउतारांसाठी बनवलेल्या असतात, गावाजवळच्या लूपवर त्या नुसत्या चढावर ओढत न्यायच्या. चाक २९ इंची असेल तर मुळांवरून आणि दगडांवरून सहज निघून जातं, २७.५ थोडं चपळ लागतं, बुटक्या लोकांना ते जास्त सोयीचं पडतं. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मात्र हवेतच. आणि पैसे एकाच गोष्टीवर जास्त घालायचे असतील तर ते ड्रॉपर पोस्टवर घाला, म्हणजे बटण दाबलं की सीट खाली जाणारा पोस्ट. उतारावर सीट वर असेल तर अंग हलायला जागाच राहत नाही. ड्रॉपर नसेल तर उतार सुरू व्हायच्या आधी थांबून सीट हाताने खाली करा, त्यात लाज कसली.

पॅडल साधे सपाटच घ्या, पिना असलेले, आणि बूट सपाट चिकट सोलचा. क्लिपवाले, म्हणजे बूट अडकवायचे, पॅडल नंतर कधीतरी. सुरुवातीला पाय पटकन जमिनीवर टेकता येणं जास्त महत्त्वाचं असतं.

आता टायरमधली हवा. हा विषय लोक दोन मिनिटांत उरकतात, पण फुकटात सायकल सुधारायची असेल तर याच्याइतकं दुसरं काही नाही. रस्त्यावर टणक टायर पळतो हे खरं, पण जंगलात टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, जमीन धरत नाही आणि हातांना झिणझिण्या आणतो. टायरच्या कडेला कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवा लिहिलेली असते, ती मर्यादा पाळा. साधारण ७० किलोचा माणूस, २.३ किंवा २.४ इंच रुंद टायर आणि ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) असेल तर पुढे २१-२२ आणि मागे २४-२५ पीएसआयपासून (पंपाच्या गेजवरचं हवेच्या दाबाचं माप) सुरू करा. ट्यूब असेल तर त्यात ४-५ वाढवा, नाहीतर टायर दगडावर दाबला जाऊन ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, सापाच्या दातांसारखी, त्याला स्नेक बाईट म्हणतात. वजन जास्त असेल तर हवा थोडी जास्त, कमी असेल तर कमी.

मग लूपचा एक छोटा तुकडा घ्या, ज्यात मुळं आणि एक वळण आहे, आणि तोच पाचसहा वेळा चालवा, प्रत्येक वेळी दोन्ही टायरमधून १ पीएसआय कमी करत. एक वेळ अशी येईल की टायर वळणात कडेला लोळल्यासारखा वाटेल किंवा दगडावर रिम टेकल्याचा ठक असा आवाज येईल. तिथून २ पीएसआय वर जा, हा तुमचा आकडा. तो लिहून ठेवा आणि दर वेळी त्याच गेजने मोजा, कारण दोन पंपांचे गेज क्वचितच एकसारखं दाखवतात, आणि अंगठ्याने दाबून बघण्याला काहीच अर्थ नाही. ट्यूबलेसमधलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा द्रव, वाळतं, दोनतीन महिन्यांनी टायर हलवून आतून चुळचुळ आवाज येतो का बघा, नसेल येत तर भरा.

सस्पेंशनचं गणित जरा सोपं आहे. रोजचे कपडे, बॅग, पाणी सगळं अंगावर घेऊन सायकलवर उभे राहा आणि फोर्क आपल्या वजनाने किती दबतो ते त्याच्या नळीवरच्या रबरी रिंगने मोजा. पुढे एकूण ट्रॅव्हलच्या १५ ते २० टक्के, मागे शॉक असेल तर तिथे २५ ते ३० टक्के. म्हणजे १२० मिमीचा फोर्क असेल तर २० मिमीच्या आसपास दबला पाहिजे. रिबाउंडचा, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो त्याचा, नॉब आधी मधोमध ठेवा, फोर्क जोरात दाबून सोडा, तो एकदाच वर येऊन शांत झाला पाहिजे, उसळी मारून परत खाली गेला तर रिबाउंड थोडा स्लो करा.

ब्रेकचे लिव्हर इतके आत किंवा बाहेर करा की तर्जनीचं पहिलं पेर लिव्हरच्या टोकावर येईल. एकच बोट ब्रेकवर, बाकीची हँडल धरायला. ब्रेक नवीन असतील किंवा पॅड बदलले असतील तर आधी सपाट मोकळ्या जागेत साधारण २० किमीच्या स्पीडवरून चालण्याच्या स्पीडपर्यंत, चाक लॉक न करता, वीसेक वेळा हळू करा, त्याशिवाय पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट धरत नाहीत. चेनला तेल घालताना त्याचा एक थेंबसुद्धा डिस्कवर उडू देऊ नका. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, पण तेल प्यायलेला पॅड बहुतेक वेळा फेकावाच लागतो.

पहिल्या काही फेऱ्या: एका वेळी एकच गोष्ट

सगळं एकदम करायला गेलात तर काहीच येणार नाही. एका दिवशी एकच गोष्ट धरा आणि बाकी सगळं कसंही होऊ द्या.

पहिल्यांदा फक्त उभं राहणं. उतारावर सीटवर बसायचं नाही. दोन्ही पॅडल एका लेव्हलला, टाचा थोड्या खाली, गुडघे आणि कोपरं वाकलेली, कोपरं बाहेरच्या बाजूला, छाती थोडी पुढे झुकलेली, आणि कंबर मागे सीटच्या वर. वजन पायांवर, हात हलके. हातावर वजन आहे का ते तपासायची सोपी युक्ती, चालू उतारात क्षणभर बोटं सैल करून बघा, हँडलवर पडल्यासारखं वाटलं तर वजन चुकीच्या जागी आहे. नवशिक्यांना कोणीतरी सांगतं उतारावर मागे झुका आणि ते इतके मागे जातात की हात ताणले जातात, पुढचं चाक हलकं होतं आणि वळणात सरळ घसरतं. उतार खूप उभा असेल तेव्हाच थोडं मागे, बाकी वेळ मधोमध.

मग ब्रेक. यावर घाई करू नका. जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते कारण थांबताना वजन पुढे येतं, आणि त्यालाच लोक जास्त घाबरतात कारण लहानपणी कधीतरी हँडलवरून पडलेले असतात. ब्रेक फॅनच्या रेग्युलेटरसारखा वापरायचा, स्विचसारखा नाही, हळू दाबत जायचं आणि हळू सोडत यायचं. सपाट मातीच्या जागेवर एक काठी आडवी ठेवा आणि ठरवलेल्या स्पीडने येऊन तिच्याआधी थांबा, आधी फक्त मागचा ब्रेक, मग फक्त पुढचा, मग दोन्ही. नुसत्या मागच्या ब्रेकने किती लांब जाऊन थांबतो ते एकदा बघितलं की पुढच्या ब्रेकची भीती आपोआप कमी होते. पुढचा दाबताना टाचा खाली आणि कंबर मागे, म्हणजे वजन पुढे कोसळत नाही. चाक लॉक झालं की पकड गेली, लगेच थोडं सोडा. मागचं चाक घासत, माती उडवत वळणं घेणं व्हिडिओत छान दिसतं पण त्याने ट्रेल खणला जातो आणि तुम्हाला वळण येत नाही एवढंच सगळ्यांना कळतं.

लूपवर हे असं करा. उतारावर ब्रेक दाबायच्या चारपाच जागा ठरवा आणि फक्त तिथेच ब्रेक वापरा, मधल्या भागात बोट लिव्हरवर पण दाबायचं नाही. सुरुवातीला याचा अर्थ असा होईल की ठरलेल्या जागी जवळजवळ थांबावं लागेल, होऊ दे. सतत थोडाथोडा ब्रेक ओढत उतरलात तर डिस्क तापते, हात दुखतात आणि टायरची जी पकड वळायला हवी ती ब्रेकमध्येच खर्च होते.

वळणात ब्रेक आधी संपवायचा, मग वळायचं. सायकल आत झुकवा पण अंग तिच्यावर सरळ राहू द्या, आतला हात सरळ होतो आणि बाहेरचं कोपर वर येतं. सपाट वळणात बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि त्यावर वजन, बाहेरून मातीची भिंत असलेलं वळण असेल तर पॅडल लेव्हल ठेवले तरी चालतात. नजर वळण जिथे संपतं तिथे. झाडाकडे बघाल तर झाडालाच जाल, यात काही गूढ नाही, नजर जाते तिकडे डोकं वळतं आणि डोक्यामागे खांदे आणि हँडल.

मुळं आणि दगडांवर येताना पुढचं चाक हलकं करायला शिका. आधी गुडघे-कोपरं वाकवून सायकल खाली दाबायची आणि लगेच अंग वर-मागे घ्यायचं, चाक उचललं जातं, पाचसहा सेंटिमीटर आलं तरी मुळासाठी पुरतं. ओल्या मुळावर असताना ब्रेक नाही, हँडल वळवणं नाही, पॅडल मारणं नाही, सरळ जायचं आणि पुढच्या कोरड्या मातीत काय करायचं ते करायचं. तिरकी मुळं असतील तर शक्य तेवढी काटकोनात घ्या, त्यासाठी आधीपासून वाटेच्या दुसऱ्या कडेला जावं लागतं, म्हणूनच तर नजर लांब ठेवायची.

चढाचं तंत्र सांगायला थोडं आहे, करायला जास्त. हलका गियर चढ सुरू व्हायच्या आधी टाका, पूर्ण जोर लावत असताना बदललात तर चेन कडकडते आणि कधीकधी तुटते. बसून राहा, सीटच्या पुढच्या टोकाकडे सरका, छाती हँडलकडे आणि कोपरं खाली, म्हणजे पुढचं चाक उठत नाही आणि मागचं जमीन सोडत नाही. सैल खडीवर उभं राहिलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. दगडांतून जाताना पॅडल खाली आपटत असेल तर पूर्ण चक्कर न मारता अर्धं पुढे, अर्धं मागे असं करत करत निघा. आणि चढात पाय टेकला म्हणजे फेरी बाद असं काही नसतं, मागे चारपाच मीटर जा आणि तोच तुकडा परत करा.

दुसरे लोक, जनावरं आणि चिखल

गावाजवळच्या जंगलात एकटे तुम्ही नसता, आणि तिथे चालणारे लोक बहुधा सायकली यायच्या आधीपासून चालतायत. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन ही संस्था १९८८ मध्ये उभी राहिली तीच मुळात ट्रेल सायकलींना बंद व्हायला लागले होते म्हणून, आणि त्यांचे नियम आज जवळपास सगळीकडे धरले जातात. चालणाऱ्याला आणि घोड्याला वाट सायकलवाल्याने द्यायची. दोन सायकली समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला जाऊ द्यायचं, ट्रेल एकाच दिशेचा असेल तर गोष्ट वेगळी. मागून येताना लांबूनच आवाज द्या, छोटी बेल लावलीत तर अजून बरं, आणि जाताना किती जण मागे आहेत ते सांगा. हेडफोन नको, निदान दोन्ही कानांत तरी नको. घोडा दिसला तर पूर्ण थांबा, उताराच्या बाजूला खाली उतरून उभे राहा आणि साध्या आवाजात बोला, हेल्मेट आणि गॉगल घातलेलं हे काहीतरी माणूसच आहे हे घोड्याला आवाजावरून कळतं. जंगली जनावरं जास्त करून पहाटे आणि दिवस मावळताना फिरतात आणि सायकल चालणाऱ्या माणसापेक्षा शांत आणि फास्ट येते, त्यामुळे त्या वेळी अंध वळणांवर स्पीड कमीच ठेवा आणि थोडा आवाज करत राहा.

चिखलात जायचं का? सरळ उत्तर, नाही. चांगला ट्रेल डोंगराच्या कुशीतून आडवा काढलेला असतो आणि बाहेरच्या बाजूला किंचित कललेला असतो, ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पाणी वाटेवरून आडवं वाहून खाली जातं. ओल्या मऊ मातीत टायर गेला की चर पडतो, पुढच्या पावसात पाणी त्या चरातून वाटेच्या लांबीने धावतं, चर खोल होतो, मग लोक त्याला टाळून बाजूने जातात आणि हातभर वाट खोलीएवढी रुंद होते. टायरला चिखल चिकटून राहतोय किंवा मागे खोल ठसा उमटतोय असं दिसलं की परत फिरा. बाकी कोरड्या ट्रेलवर मधेच एखादं डबकं लागलं तर बाजूने झाडं तुडवत न जाता डबक्यातूनच जा. खडकाळ किंवा खडीचे ट्रेल पाऊस थांबल्यावर लवकर चालवण्याजोगे होतात, चिकणमातीचे कित्येक दिवस होत नाहीत, तुमच्या लूपची माती कुठली आहे ते तुम्हाला लवकरच कळेल.

बॅगेत काय, आणि पडलात तर

गाव दिसतंय म्हणून काहीच न घेता जाणारे भरपूर. पण ३ किमी आत चेन तुटली की तेवढं चालत यावं लागतं. एक ट्यूब, ट्यूबलेस असली तरी, दोन टायर लिव्हर, पंप, चेन ब्रेकर असलेला मल्टिटूल, तुमच्या चेनच्या स्पीडला, म्हणजे मागच्या गियरांच्या संख्येला, बसणारी क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी), ट्यूबलेसचं भोक बुजवायचे प्लग, तीनचार झिप टाय. आणि मागच्या गियरचा हँगर, जो फ्रेम आणि गियरच्या मधला छोटा अॅल्युमिनियमचा तुकडा असतो, फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम आधी वाकेल असाच बनवतात. बऱ्याच फ्रेमचा हँगर वेगळा असतो, तो ऐनवेळी मिळत नाही, म्हणून आधीच घेऊन ठेवा. पाणी तासाला निदान अर्धा लिटर धरा, उकाड्यात जास्त. एक क्रेप बँडेज, गॉज आणि चिकटपट्टी. घरी कोणाला तरी कुठला लूप आणि किती वाजेपर्यंत परत ते सांगून निघा, आणि आपल्या भागाचा इमर्जन्सी नंबर माहीत असू द्या.

हेल्मेट डोक्याच्या मागे खालपर्यंत येणारं एमटीबीचं घ्या, युरोपचा ईएन १०७८ किंवा अमेरिकेचा सीपीएससी शिक्का बघून. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, त्याहून वर नाही. जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी बदला, आतला फोम एकदाच दबण्यासाठी असतो. ग्लोव्हज घाला, गुडघ्याचे पॅडही घाला, त्याने जो धीर येतो तो शिकायला कामी येतो.

पडणार हे नक्की, तेव्हा सायकल सोडून द्यायला शिका. हात ताणून जमिनीवर टेकायची सवय असते आणि त्यातूनच मनगट किंवा कॉलरबोन मोडतं, शक्य असेल तर हात वाकलेले ठेवून खांद्यावरून लोळा. पडल्यावर लगेच उठू नका, आधी मान, मग हातपाय हलवून बघा. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथे दाबल्यावर दुखत असेल तर डॉक्टरकडे जा, तिथल्या स्कॅफॉइड हाडाचं फ्रॅक्चर पहिल्या एक्सरेत कधीकधी दिसतच नाही आणि लोक मोच म्हणून सोडून देतात. डोक्याला मार लागून डोकं दुखतंय, मळमळतंय, गोंधळल्यासारखं होतंय किंवा थोडा वेळ काय झालं ते आठवतच नाहीये, यातलं काही एक जरी असेल तर त्या दिवशी सायकल बंद, एकट्याने परत यायचं नाही आणि दवाखाना गाठायचा.

घरी आल्यावर आणि पुढे

चिखल वाळायच्या आधी साध्या पाण्याने आणि ब्रशने धुवा, प्रेशरचं पाणी बेअरिंग आणि फोर्कच्या सीलवर मारू नका. चेन पुसा, प्रत्येक लिंकवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका. चेन किती ताणली गेली ते मोजायचं छोटं गेज येतं, ११ आणि १२ स्पीडच्या चेनला ०.५ टक्के दाखवलं की बदला, उशीर केलात तर मागची कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, जाते आणि ती महाग असते. फोर्कच्या खालच्या भागाची सर्व्हिस बऱ्याच मॉडेलना ५० तासांच्या चालवण्यानंतर सांगितलेली असते, तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. निघण्याआधी दर वेळी पुढून मागे हात फिरवा, पुढचं अॅक्सल घट्ट, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे केल्यावर हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल जिथे फ्रेममध्ये फिरतं त्या सांध्यात, खटखट नाही, हँडल सरळ, क्रँक हलत नाही, सीट घट्ट, मागचं अॅक्सल घट्ट. दोन मिनिटंही लागत नाहीत.

लूप बदलायचा कधी? ठरवलेल्या ब्रेकच्या जागांपैकी निम्म्या गळून पडल्या, उतार संपताना हात दुखत नाहीत आणि सगळी फेरी एकदाही पाय न टेकता होते, असं जमलं की. तोपर्यंत वेळ मोजायच्या भानगडीत पडू नका, अॅप लावलं की माणूस ब्रेक सोडतो आणि समोरून येणाऱ्या आजोबांना विसरतो. नवीन ट्रेलवर जाण्याआधी, दोन्ही दिशांना परवानगी असेल तर, हाच लूप उलटा चालवा. जो उतार पाठ झाला होता तो आता चढ होतो आणि जो चढ बसून कंटाळवाणेपणाने काढत होता तो पहिल्यांदाच उतार म्हणून समोर येतो, त्यातली मुळं उलट्या बाजूने तिरकी असतात, ब्रेकच्या जागा परत ठरवाव्या लागतात. त्यासाठी तो भागसुद्धा एकदा चालत बघून या, आणि उलट दिशेने येणारे सायकलवाले कमी असल्यामुळे पहिल्या काही फेऱ्या गर्दी नसलेल्या वारी आणि निम्म्या स्पीडने मारा.